दोघांत मिळून एक इंजिनीअर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आई-वडिलांचं नाव घेतो. तसं घ्यायची पद्धत आहे आणि ते खोटंही नाही. पण खरं उत्तर वेगळं आहे. ते म्हणजे आमच्या इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या मॅडम. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांनी मला पुस्तकं दिली नाहीत, फी भरली नाही, डोक्यावर हात ठेवून मोठा हो वगैरे म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्या ड्रॉइंगच्या शीटवर सही करायला नकार दिला. बाकी सगळं कॉलेज माझ्यावर सह्या करायला तयार असताना त्या एकट्या नाही म्हणाल्या.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढे. दसरा झाला की गावात म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेतली पोरं तेवढी राहतात. बाकी सगळे कारखान्यांच्या वाटेला लागतात. ऊसतोडीला आमच्याकडे माणसं माणशी मोजत नाहीत, कोयत्यानं मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचा, तिनं मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून गाडीत भरायच्या. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती त्या जोडीला देतो. एकटं माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि त्याला विचारायला कोणी फारसं येत नाही. मोजमाप म्हणून मी आधी हे शिकलो. मीटर आणि किलोग्रॅम नंतर आले.

आई-वडील हंगामाला गेले की मी आश्रमशाळेत असायचो. बारावी पाथर्डीला केली आणि नगरला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. मागासवर्गीय मुलांच्या सरकारी वसतिगृहात खोली मिळाली. खोलीत दुसरा मुलगा होता तो शेजारच्याच गावचा. त्याचे आई-वडील आणि माझे एकाच टोळीत. आमची आधी ओळख नव्हती, पण आमच्या आयांची होती, त्यामुळे पहिल्याच दिवशी आम्ही एका ताटात जेवलो. त्याला मी इथे जोडीदार म्हणेन.

कॉलेजात आमच्यासारख्यांसाठी एक साहाय्य कक्ष होता. त्याचे समन्वयक सर मनानं फार चांगले होते. हे मी उपरोधानं लिहीत नाही. सणाला घरी न गेलेल्या मुलांना ते स्वतःच्या घरी जेवायला बोलवायचे. फक्त त्यांचा कार्यक्रमांवर फार विश्वास होता. आमचा न्यूनगंड जावा म्हणून कार्यक्रम, आत्मविश्वास यावा म्हणून कार्यक्रम, आणि आला का ते पाहायला आणखी एक कार्यक्रम. एकदा एक वक्ते आले आणि कष्टाला पर्याय नाही हे त्यांनी आम्हाला पुष्कळ वेळ समजावून सांगितलं. समोर सगळी ऊसतोड्यांची, वीटभट्टीवाल्यांची, मेंढपाळांची पोरं बसली होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. एकदा ड्रॉइंगच्या साहित्याचे संच वाटले. माझ्या हातात दिला, फोटो काढला आणि परत घेतला, कारण पुढच्या आठवड्यात मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हस्ते पुन्हा वाटायचा होता. पुढच्या आठवड्यात खरोखर मिळाला. सर शब्दाचे पक्के होते.

हे कार्यक्रम गुरुवारी दुपारी होत. कारण सेमिनार हॉल फक्त गुरुवारी दुपारी रिकामा असे. आणि तो रिकामा असे कारण त्या वेळी सगळं पहिलं वर्ष ड्रॉइंगच्या प्रॅक्टिकलला असे.

सुरुवातीला आम्ही दोघं कधी इकडे कधी तिकडे जायचो. मग हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या तेव्हा सरांनी नियम केला, की वसतिगृहातल्या प्रत्येक खोलीतला किमान एक जण कार्यक्रमाला हवाच. नियम ऐकून बाकीची पोरं कुरकुरली. आम्हाला मात्र तो अगदी सरळ वाटला. दोघांतला एक इकडे, एक तिकडे. जन्मापासून बघत आलो होतो.

"तुझा हात चांगला हाय, तू ड्रॉइंगला जा," मी म्हणालो.

"आन् तू?"

"मी सक्षम व्हायला जातो."

"जा. पर झोपू नगं लेका. मागच्या टायमाला फोटोत डोळे मिटल्यात तुझे. सर म्हनत हुते, लाभार्थी जागा पायजे."

अशी वाटणी झाली आणि हळूहळू ती सगळ्याच कामाला लागली. जोडीदार दोघांच्या ड्रॉइंगच्या शीट काढायचा. मी दोघांच्या गणिताच्या असाइनमेंट सोडवायचो, दोघांची फिजिक्सची जर्नल लिहायचो. त्याची रेघ अशी यायची की पट्टीनं तिच्याकडून शिकावं. मला इंटिग्रेशन आवडायचं. काम वेळेवर व्हायचं, भांडण व्हायचं नाही. आम्ही यात काही लपवतही नव्हतो. वर्गातली बाकीची मुलं लपवत होती. त्यांच्यात जीटी चालायचं, म्हणजे काचेखाली बल्ब लावायचा, वर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि दिसेल ती रेघ गिरवायची. एकाच मूळ शीटच्या तीस-तीस प्रती निघायच्या. मूळ शीटवर चहाचा डाग होता तर एका हुशार मुलानं तोही वर्तुळ समजून काढला होता. आम्हाला या मुलांची कीव यायची. आम्ही चोरी करत नव्हतो, आम्ही कामाची वाटणी केली होती.

एप्रिलमध्ये शीट तपासायला लागल्या. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास तितकं मानधन. कक्षाशी त्यांचा संबंध नव्हता. उंच, किडकिडीत, नाकावर चष्मा घसरलेला, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपण रांग मोडली. त्यांनी माझा गठ्ठा उघडला, मग जोडीदाराचा उघडला, मग दोन्ही शेजारी ठेवले.

"दोन्ही शीट एका हाताच्या आहेत. कोणाच्या?"

"ह्याच्या, मॅडम," मी लगेच म्हणालो.

"आणि तू काय केलंस?"

"गणित. दोघांचं."

"म्हणजे?"

मला वाटलं मॅडम शहरातल्या, त्यांना समजावून सांगायला हवं. "मॅडम, आमचा कोयता आहे," मी म्हणालो आणि कोयता म्हणजे काय ते सांगितलं. तोडणारा कोण, बांधणारा कोण, सगळं. वर्ग हसायला लागला. जोडीदार मान डोलावून माझ्या बोलण्याला पुष्टी देत होता. मॅडम हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डिग्री किती घेणार? एक का दोन?"

"दोन, मॅडम."

"दोन डिग्र्या आणि इंजिनीअर दोघांत मिळून एक." त्यांनी टेबलावरची खडूची पेटी माझ्यासमोर सरकवली. "ह्याचा टॉप व्ह्यू काढ."

मी फळ्यावर पेटी काढली. छान काढली. समोरची बाजू, वरचं झाकण, कडेची सावलीसुद्धा.

"हा फोटो झाला," त्या म्हणाल्या. "वरून बघितलं तर काय दिसतं ते विचारलंय मी. सही मिळणार नाही."

मला अपमान वाटला नाही, अन्याय वाटला. मी म्हणालो, "मॅडम, जीटीवाल्यांना सह्या दिल्या तुम्ही."

"कमी मार्कांवर दिल्या. ते चोर आहेत आणि आपण चोर आहोत हे त्यांना माहीत आहे. तू काय केलंस हे तुला माहीतच नाही. तुझं काम जास्त आहे."

आता सही न मिळण्याचा अर्थ सांगतो. शीटवर सही नाही तर टर्म ग्रँट नाही. टर्म ग्रँट नाही तर ड्रॉइंगच्या पेपरला बसता येत नाही. पहिल्या सत्रात इंग्रजी कानाला लागेपर्यंत माझे विषय गेले होते. आता आणखी एक गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की वसतिगृहाची खोली गेली. आणि मग माझी जागा कुठे होती तेही ठरलेलंच होतं. त्या हंगामात ट्रक भरताना वडील डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत होते, तिथून पडले. पाठ गेली. पुढच्या दसऱ्याला आईचा कोयता अर्धा राहणार होता. दुसरा अर्धा घरात मीच होतो.

समन्वयक सरांना हे कळलं तेव्हा ते स्वतः मला घेऊन स्टाफ रूममध्ये गेले. मला एका खुर्चीत असं बसवलं की मॅडमना मी पूर्ण दिसावा.

"मॅडम, मुलगा कुठून आलाय ते बघा."

"पाथर्डीहून," मॅडम पेपर तपासत म्हणाल्या.

"तसं नाही. परिस्थिती बघा त्याची."

"परिस्थिती बघितली. शीटही बघितल्या."

"आपण समजून घेतलं नाही तर या मुलांना कोण समजून घेणार?"

"सर, उद्या हा पूल बांधेल."

"मेकॅनिकलचा आहे तो."

"मग पुलावरून जाणारी गाडी बांधेल."

सर दुखावले. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. कायमस्वरूपी नाहीत ना, म्हणून असं होतं." मला त्या क्षणी सर फार जवळचे वाटले. मॅडमबद्दल मी जोडीदाराशी जे बोललो ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी निरोप पाठवला. कॉलेज सुटल्यावर ड्रॉइंग हॉलमध्ये यायचं. वॉचमन कुलूप लावायला येईपर्यंत बसायचं. सगळ्या शीट पहिल्यापासून, स्वतःच्या हातानं. टर्म संपायच्या आत झाल्या तर सही, नाही तर नाही. जोडीदारानं यायचं नाही.

जोडीदाराचं बरं चाललं होतं. त्याचं ड्रॉइंग त्याचंच होतं. गणिताच्या सरांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी आमच्या परिस्थितीची जाणीव ठेवली आणि सही केली.

ते संध्याकाळचे तास मी आयुष्यात कधी विसरणार नाही, आणि ते फार सुंदर वगैरे नव्हते. मॅडम खिडकीशी बसून भेळ खायच्या, मधूनच सासूबाईंचा फोन यायचा, त्यावर कोथिंबीर की मेथी हे ठरायचं, आणि त्याच आवाजात मला ऐकू यायचं, "खोड ते." मी खोडायचो. त्या उठून बघायला यायच्या नाहीत. माझ्या पेन्सिलीच्या आवाजावरून त्यांना कळत असावं. पेटी जमली. षटकोनी प्रिझम जमलं. मग सिलिंडर तिरका कापला तर काय दिसतं, हे आलं आणि मी अडकलो. मॅडमना वाटलं आता ह्याच्याच भाषेत सांगावं.

"ऊस बघितलायस ना? तो कोयत्यानं तिरका तोडला तर कापलेल्या जागी आकार कुठला येतो?"

"मॅडम, ऊस तिरका तोडत नाहीत. बुडाशी जमिनीलगत सपाट तोडतात. तिरका तोडला तर बुडखा राहतो आणि मुकादम शिव्या देतो."

त्यांनी भेळेचा कागद खाली ठेवला. "बरं, काकडी?"

"काकडी आमच्याकडे उभी चिरतात."

"देवा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा उठून माझ्या बोर्डापाशी आल्या. मग एकेक बिंदू वरून खाली कसा आणायचा ते त्यांनी दाखवलं. ना ऊस, ना काकडी. नुसते बिंदू. लंबवर्तुळ आलं. मला वाटतं तेव्हा आम्हा दोघांनाही हलकं वाटलं.

मे महिन्यात एका रविवारी घरी गेलो तर ओट्यावर मुकादम बसलेला. लांबचा चुलता लागतो. माणूस वाईट नाही. बाहेर त्याची जीप उभी होती, आणि पुढच्या हंगामाच्या जोड्या जमवायला तो गावोगाव फिरत होता.

"या इंजिनेर. शिकनं कुटवर आलं?"

"परीक्षा हाय आता."

"व्हय. म्या तेच वैनीला ईचारत हुतो. दादाच्यानं तर आता मोळी उचलायची न्हाई. अर्धा कोयता म्या कुठं लावू? हे पास झालं तर आपल्या भावकीचं नाव हुतंय, आन् नापास झालं तर माजं काम हुतंय. म्हंजी मला दोन्हीकून आनंदच हाय."

"निकाल लागूस्तवर थांबा भाऊजी," आई म्हणाली.

"थांबतो की. पर लई न्हाई थांबता येत. जोड्या भराय लागल्यात."

वडील आत बाजेवर पडून होते. मुकादम गेल्यावर आई मला गोठ्याकडे घेऊन गेली.

"खरं सांग. येतंय का तुला?"

"थोडं थोडं."

"थोडं म्हंजी?"

"पेटीचं येतं. शंकूचं न्हाई येत आजून."

"शंकू म्हंजी काय आस्तंय?"

मी विचार केला. "आपल्या कोपीसारखं. वर टोक, खाली गोल." ऊसतोडीला गेल्यावर पाचटाची जी खोपटी उभी करतात ती कोपी.

"कोपी व्हय," आई म्हणाली. "ती कशाला काढाया लागती? ती बांधायची आस्ती." मग शेळीपुढे पाला टाकत म्हणाली, "बाईला ईचार नीट. लाजू नगं."

त्याच आठवड्यात कॉलेजात एक तपासणी समिती येणार होती. सरांनी मला बोलावलं. समितीसमोर कक्षाच्या एका यशस्वी विद्यार्थ्यानं मनोगत मांडायचं होतं. नियम झाल्यापासून सगळ्या कार्यक्रमांना हजर राहिलेला मी एकटाच होतो.

"सर, माझी टर्म ग्रँट झालेली नाही."

"त्याचंच सांगतोय. तू छान बोल. मग मी प्राचार्यांकडून करून घेतो. त्यांच्या अधिकारात होतं ते. अर्ज मी लिहून ठेवलाय."

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोल की. मी कोण नाही म्हणणारी?" आणि फोनवर मेथी सांगितली.

समितीत तीन जण होते. मी मनापासून बोललो. गाव सांगितलं, आश्रमशाळा सांगितली, सरांच्या घरच्या जेवणाबद्दल सांगितलं. मला त्या दिवशी खरोखर सगळ्यांबद्दल कृतज्ञता वाटत होती. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "कक्षाचा तुला अभ्यासात नेमका काय उपयोग झाला?"

मी आठवून उत्तर दिलं. "मॅडम, सुरुवातीचे सोडले तर मी एकही कार्यक्रम चुकवला नाही. त्यामुळे ड्रॉइंगची प्रॅक्टिकलं चुकली. आता ड्रॉइंगच्या मॅडम रोज कॉलेज सुटल्यावर मला एकट्याला शिकवतात. पेटी, प्रिझम आणि सिलिंडर झालं. शंकू राहिलाय."

मला वाटलं मी सगळ्यांची स्तुती केली. समितीतल्या बाकीच्या दोघांनी कागदावरून माना वर केल्या. बाई म्हणाल्या, "आम्हाला तो वर्ग बघायचाय." सगळे ड्रॉइंग हॉलमध्ये आले. माझी अर्धवट शीट बोर्डाला लावलेली होती. मॅडम तिथे नव्हत्या, त्यांचा तास दुसऱ्या मजल्यावर होता. बाईंनी शीट बघितली, काहीतरी लिहून घेतलं.

अहवालात त्या वर्गाचं कौतुक आलं. एवढ्या सगळ्या उपक्रमांत समितीला तोच एक आवडला. सरांनी मला मिठी मारली. मी त्यांना अडचणीत आणलं असं बाकीच्यांना वाटत होतं, त्यांना तसं वाटलं नाही. आठवड्याभरात ड्रॉइंग हॉलच्या दारावर फलक लागला, 'सायंकालीन विशेष ड्रॉइंग वर्ग, साहाय्य कक्षाचा अभिनव उपक्रम'. एका संध्याकाळी त्याचं उद्घाटन झालं. उद्घाटन असल्यामुळे त्या संध्याकाळी वर्ग झाला नाही. मॅडमना फोटोला बोलवायला मला पाठवलं. त्या स्कूटरची किक मारत होत्या.

"मॅडम, फोटोला बोलवलंय."

"शंकू झाला?"

"आज हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यात."

"मग वसतिगृहात जाऊन काढ. खुर्च्यांना काय विचारायचं?" आणि त्या गेल्या.

सरांनी अर्ज माझ्या हातात दिला. "सही कर. आता तर कोणी नाही म्हणूच शकत नाही." खरंच कोणी म्हणू शकत नव्हतं. मी अर्ज दोनदा वाचला. त्यात माझ्या परिस्थितीचं वर्णन इतकं चांगलं केलेलं होतं की मलाच माझं वाईट वाटलं. सही केली असती तर टर्म तिथल्या तिथे मिटली असती. पण पेपरला माझ्या बाकावर मीच बसणार होतो आणि शंकू पेपरात येणार होता. पेपर तपासणाऱ्याला सर खुर्चीत मला बसवून दाखवू शकणार नव्हते.

"सर, थोडं थांबतो," मी म्हणालो. "शंकू राहिलाय."

मग अर्ज घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. "बरं. लागला तर आहे," ते म्हणाले. त्यांचा चांगुलपणा असा होता. तो नाकारला तरी तो तसाच राहायचा.

टर्मच्या शेवटच्या दिवशी मी शीटचा गठ्ठा मॅडमसमोर ठेवला. त्यांनी एकेक बघितली. एक उलटी धरून बघितली. खोडरबराची भुकटी फुंकली. मग फळ्याकडे बोट केलं आणि एचपीवर, म्हणजे आडव्या पातळीवर, तिरक्या अक्षानं उभ्या असलेल्या शंकूचे दोन्ही व्ह्यू काढायला लावले. मी काढले. घाम आला, पण काढले.

"अक्षरं रेघेच्या बाहेर गेलीत," त्या म्हणाल्या आणि सह्या करायला लागल्या. त्यांचा फोन वाजत होता. त्यांनी तो उचलला नाही. एवढंच.

पेपर दिला आणि गावी गेलो. वडिलांच्या पाठीला तेल चोळायचो, शेळ्या बघायचो. मुकादम दर चार दिवसांनी जीप थांबवून निकालाची चौकशी करायचा. माझ्या निकालाची इतकी वाट दुसऱ्या कोणीच बघितली नसेल.

निकाल लागला, आणि पुढे दुसरं वर्ष सुरू झालं त्या दिवशी मी एसटीनं नगरला गेलो, सरळ ड्रॉइंग हॉलवर. तिथे एक कायमस्वरूपी सर होते. त्यांनी सांगितलं, की अभिनव उपक्रम आता मंजूर झालाय, त्याचे तास विभागातल्याच प्राध्यापकांना लावलेत, त्यामुळे तासिका तत्त्वावरच्या मॅडमची यंदा गरज पडली नाही. मॅडमनी फोन नंबर कधीच कोणा विद्यार्थ्याला दिला नव्हता. फोनवर चूक दिसत नाही, असं त्या म्हणायच्या. वॉचमनकाकांना त्यांचं घर माहीत होतं. त्यांच्याकडून पत्ता घेतला आणि वसतिगृहात बसून पत्र लिहिलं. आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं. पक्कं पोस्टात टाकलं. कच्चं माझ्याकडे राहिलं, ते असं:

आदरणीय मॅडम,

मी खिडकीजवळच्या बोर्डावर बसणारा तुमचा विद्यार्थी. मध्यंतरी निकाल लागला. मी ड्रॉइंगमध्ये पास झालो. मार्क थोडेच पडले आहेत, तरी रागावू नये. शंकू आला होता. अक्ष बरोबर काढला, पण मागची न दिसणारी रेघ तुटक काढायची ती सलग काढली. हे पेपर दिल्यावर बाहेर आल्यावर कळले. बाकीचे विषयही सुटले. वर्ष वाचले आणि खोली राहिली.

मुकादम घरी आले होते. आईने त्यांना सांगितले की मुलगा येणार नाही. माझी आत्या आईबरोबर जाणार आहे. दोन बायांचा कोयता घेत नाही असे ते आधी म्हणाले, पण त्यांच्या टोळीत माणसे कमी आहेत म्हणून तयार झाले. आत्याचे गुडघे दुखतात. मी पास झालो म्हणून ती चालली, हे माझ्या डोक्यातून जात नाही. ती स्वतः मात्र पेढे मागत होती. वडील घरी राहून शेळ्या बघतील. ते भाकरी करायला शिकत आहेत. अजून गोल येत नाही.

माझा जोडीदारही पास झाला. पण पुढच्या वर्षीचे गणित उघडल्यावर तो घाबरला, कारण पहिल्या वर्षाचे सगळे मीच केले होते. त्याला आता रोज शिकवतो. त्याची सोडवलेली उदाहरणे मी खोडायला लावतो. तो म्हणतो की मी तुमच्यासारखा बोलायला लागलो आहे, आणि हे तो चांगल्या अर्थाने म्हणत नाही.

तुमच्या तासांचे आज कॉलेजात कळले. मी समितीसमोर बोललो नसतो तर उपक्रम झाला नसता आणि तुमचे तास राहिले असते, असे मला वाटते. मी तुमचे चांगले सांगायला गेलो होतो. याबद्दल काय लिहावे ते मला सुचत नाही. कच्च्या कागदावर तीन वेळा लिहून खोडले आहे.

दुसऱ्या वर्षाला मशीन ड्रॉइंग आहे. पुस्तक आणले आहे. सेक्शनल व्ह्यूमध्ये बोल्ट कापून दाखवत नाहीत असे लिहिले आहे, पण का दाखवत नाहीत ते समजले नाही. रविवारी बोर्ड घेऊन तुमच्याकडे आलो तर चालेल का? सायकलला बोर्ड बांधता येतो. मी बाहेर पायरीवर बसेन, घरच्यांना अडचण होणार नाही. सासूबाईंची भाजी आणायची असेल तर येताना घेऊन येईन, कोणती ते मात्र कळवावे. आईने बाजरी दिली आहे. ती घ्यावी. परत नेली तर आई मला घरात घेणार नाही.

आपला विद्यार्थी